‘घरपोच मोफत’ ते बिलावरचे तीस रुपये

आमच्या पोळी-भाजी केंद्राच्या पहिल्या पाटीवर चार ओळी होत्या. पोळी-भाजी मिळेल. डब्याचे मेंबर घेतले जातील. सणावारांच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील. आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, लाल रंगात: घरपोच मोफत.

२०१३ चा दसरा होता. कोथरूडमध्ये, कर्वे पुतळ्यापासून आत, सोसायटीच्या तळमजल्यावरचा दहा बाय बाराचा गाळा. सासूबाई पोळ्या लाटायच्या, भाज्या आणि आमटी माझ्याकडे, आणि कंपनी बंद पडल्यामुळे घरी बसलेला माझा नवरा ॲक्टिव्हावरून डबे पोचवायचा. पहिल्या महिन्यात नऊ मेंबर होते. वर्षाच्या आत ते बावीस झाले, ते बरेचसे त्या लाल ओळीमुळेच. कोथरूडात एकेकटी राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ. मुलं बंगलोरला किंवा परदेशात. पोळ्या लाटवत नाहीत, आणि दोन जिने उतरून आमच्यापर्यंत येणंही होत नाही. त्यांना डबा दारात हवा होता. तो आम्ही देत होतो, आणि त्याचे पैसे घेत नव्हतो.

ती ओळ पुसायला आम्हाला दहा वर्षं लागली. हल्ली दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, “ताई, हे तीस रुपये कशाचे?” गल्ल्यावर उभं राहून दोन वाक्यांत सांगून होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

२०१८ च्या जुलैमध्ये वारज्याकडे जाताना पावसात गाडी घसरली आणि नवऱ्याचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डबे थांबवून चालणार नव्हतं, म्हणून शेजारच्या सोसायटीतल्या एका मुलाला विचारलं. तो म्हणाला, “काकू, डब्यामागे दहा रुपये द्या.” दर रास्तच होता. पण त्या रात्री वही घेऊन बसले आणि पोटात गोळा आला. सत्तर रुपयांच्या डब्यामागे आम्हाला अकरा रुपये सुटत होते. त्यातले दहा पोचवण्यात गेले तर उरला एक रुपया. म्हणजे पाच वर्षं आम्ही जो नफा समजत होतो तो नफा नव्हताच. तो माझ्या नवऱ्याचा संध्याकाळचा दीड तास होता, त्याच्या गाडीचं पेट्रोल होतं, आणि पावसात भिजणं होतं. त्या दीड तासाला कुणी किंमत लावली नव्हती. मीही नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

तरीही तेव्हा पाटी बदलली नाही, कारण एव्हाना ॲप आले होते. २०१७ मध्येच एक तरुण मुलगा गळ्यात ओळखपत्र अडकवून गाळ्यात आला होता. “ताई, तुम्ही फक्त बनवायचं. न्यायचं टेन्शन आमचं.” गिऱ्हाइकाला डिलिव्हरी फुकट, वर पन्नास टक्के सूट. आमच्याकडून सुरुवातीला अठरा टक्के कमिशन. त्या काळात लोकांना फुकट पोच ही सवयच लागली. आमच्या नऊ मेंबरांपासूनची आमचीही तीच सवय, त्यामुळे मी दुसऱ्या कुणाला काय बोलणार? नंतर सूट कमी होत गेली, कमिशन वाढत चोवीस टक्क्यांवर आलं आणि ॲपवरचे भाव आम्हाला वाढवावे लागले. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून जाणाऱ्या जेवणाचा पाच टक्के जीएसटी ॲपनेच भरायचा असा नियम आला. लॉकडाऊननंतर आमची उलाढाल वीस लाखांच्या आत होती, म्हणजे गाळ्यावर येणाऱ्याला कर नव्हता. तीच उसळ, तीच पोळी ॲपवरून मागवली की कर लागायला लागला. गिऱ्हाइकं आम्हाला फोन करून विचारायची, आणि आम्ही आमच्या हिशोबाच्या माणसाला.

लॉकडाऊनबद्दल एवढंच सांगते. मार्च २०२० मध्ये पेइंग गेस्ट मुलं गावी गेली आणि निम्मे मेंबर एका आठवड्यात संपले. जे उरले ते ज्येष्ठ नागरिक. सोसायट्यांनी फाटकाशी टेबलं मांडली होती. त्यावर डबा ठेवायचा, लांब उभं राहून फोन करायचा. त्या दिवसांत पहिल्यांदा लोक स्वतःहून म्हणाले, “तुमच्या येण्याचे पैसे लावा.” एका आजोबांनी डब्याच्या पिशवीत शंभराची नोट घालून पाठवली होती, सॅनिटायझरने ओली केलेली. ती नोट नवऱ्याने खर्च केली नाही, गल्ल्यातल्या लक्ष्मीच्या फोटोमागे ठेवली आहे.

मग २०२१ च्या उन्हाळ्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली. आमच्याकडे तोवर डबे पोचवायला तीन मुलं होती. त्यांतला एक लातूरकडचा, सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करणारा. दिवसभर अभ्यासिकेत आणि संध्याकाळी सात ते नऊ आमचे डबे. त्यानेच एके दिवशी सांगितलं, “काकू, पंधरा रुपयांत आता परवडत नाही.” पैसे वाढवले, पण डब्याच्या दरात मिसळून. गिऱ्हाइकाला वाटलं भाजी महागली. माझ्या भाजीवर उगाच आळ आला, आणि त्या मुलाचं काम कुणाला दिसलंच नाही.

आता टिपबद्दल. हा भाग मला सगळ्यांत जास्त सांगायचा आहे.

टिप आपल्याकडे नव्हती असं नाही. माझे मामा गिरगावात राहायचे, फोर्टात नोकरीला. त्यांचा डबा डबेवाला न्यायचा. मुंबईत १८९० पासून चालत आलेली ती रीत. दिवाळीत मामा त्याला महिन्याचे पैसे जादा द्यायचे. त्याला टिप म्हणत नसत, पोस्त म्हणत. पोस्टमन, पेपरवाला, रखवालदार या सगळ्यांना दिवाळीची पोस्त असायची. वर्षभर रोज दारात येणाऱ्या माणसाला, नाव-गाव माहीत असलेल्या माणसाला, वर्षातून एकदा. देणाराही ओळखीचा आणि घेणाराही. हल्ली फोनवर पैसे भरतानाच वीस, तीस, पन्नास अशा चौकटी समोर येतात. जेवण अजून शिजलंही नसतं आणि कोण आणणार ते ठाऊक नसतं. ज्यांच्या मनात दया आहे ते देतात. ज्यांना महिन्याचं गणित बसवायचंय ते अपराधी वाटून घेत पुढे जातात. दोघांवरही हा अन्याय आहे असं मला वाटतं.

आमच्याकडे हे कसं घडलं ते सांगते. डहाणूकर कॉलनीतल्या एका काकूंचा मुलगा न्यू जर्सीला असतो. आईच्या डब्याचे पैसे तोच इथल्या खात्यातून भरतो. तिकडे जेवण आणून देणाऱ्याला वीस टक्के द्यायची पद्धत. त्यामुळे त्याने सांगितलं, “डबा देणाऱ्या दादाला रोज पन्नास रुपये माझ्यातर्फे द्या.” मन मोठं होतं त्याचं, यात शंका नाही. पण महिन्याभरात आमची फेरीच बदलली. पूर्वी मुलं मयूर कॉलनीपासून सुरुवात करून वळसा घेत डहाणूकरला संपवायची. आता सगळ्यांत आधी डहाणूकर. मयूर कॉलनीत एक आजी आहेत, मधुमेह आहे, साडेसातला इन्सुलिन घेतात आणि लगेच जेवायला लागतं. एका संध्याकाळी त्यांचा डबा आठ दहाला पोचला. आजींना घाम फुटला, हात थरथरायला लागले. शेजारणीने साखरेचं पाणी दिलं म्हणून निभावलं.

मुलांना रागवायला बसले, आणि रागावता येईना. रोजचे पन्नास म्हणजे महिन्याचे पंधराशे. गावाकडे पैसे पाठवणाऱ्या मुलाने त्या दाराकडे आधी धाव घेतली तर चुकलं कुणाचं? माझं. मी त्याला पुरेसे देत नव्हते, म्हणून कुणाच्या तरी कृपेवर त्याची संध्याकाळ ठरत होती. आणि त्याची संध्याकाळ ठरली की आजींची वेळ ठरत होती.

२०२३ च्या दसऱ्याला पाटी उतरवली. बरोबर दहा वर्षं झाली होती. नव्या पाटीवर लिहिलं: डबा १०० रुपये, पोच २० रुपये. पोचेचे सगळे पैसे आणणाऱ्या मुलाचे. टिप देऊ नये. दिवाळीची पोस्त गल्ल्यावरच्या पेटीत टाकावी, ती सगळ्यांत सारखी वाटली जाते, पोळ्या लाटणाऱ्या मावश्यांसकट.

पहिल्या महिन्यात अडतीसपैकी सात मेंबर गेले. मला झोप लागत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, “जाऊ देत. फुकटचं मागत होते, तेवढेच गेलेत.” त्यांतले चार पुढच्या पावसाळ्यात परत आले. न्यू जर्सीच्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. आता तो दिवाळीला पेटीत टाकायला म्हणून एकदम रक्कम पाठवतो.

पुष्कळ जण विचारतात की ॲपवर एवढा खर्च येतो आणि तुम्हाला तीसमध्ये कसं जमतं. (गेल्या वर्षीपासून वीसचे तीस केले.) उत्तर फेरीत आहे. आमचा मुलगा एका फेरीत वीस डबे नेतो. वेळ ठरलेली, घरं ठरलेली, वळसा ठरलेला, अकरा किलोमीटर. दीड-दोन तासांचे सहाशे रुपये. ॲपच्या मुलाला एक ऑर्डर म्हणजे एक फेरी. आमच्या गाळ्यासमोर वाट बघत उभा राहिलेला एक जण म्हणाला होता, “ताई, बावधनला जाताना पैसे आहेत, येताना रिकामाच.” चांदणी चौकाचा नवा पूल २०२३ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला, तेव्हापासून जाण्याचा वेळ वाचतो, पण रिकामी परत येण्याचं पेट्रोल त्याचं त्यालाच. मनात आलं की तासाच्या आत एकाच घरी एकच थाळी पोचवणं हे खरोखरच महाग काम आहे. सुरुवातीची वर्षं ते गुंतवणूकदारांच्या पैशांनी स्वस्त दिसलं, एवढंच.

मागच्या दिवाळीच्या सुमाराची एक ऑर्डर मी वहीत उतरून ठेवली आहे. गाळ्यावर १४० रुपयांची थाळी ॲपवर १९०. त्यावर पाच टक्के कर, साडेनऊ. डिलिव्हरी ३०, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३५ रुपये ४० पैसे. प्लॅटफॉर्म फी १२, तिच्यावरही कर, १४ रुपये १६ पैसे. गिऱ्हाइकाने भरले २४९. आमच्याकडून चोवीस टक्के कमिशन आणि त्यावरचा कर कापून हातात आले १३६. डबा, झाकण, फॉइल, चमचा यांचे अकरा काढले तर १२५. रायडरने विचारल्यावर सांगितलं, त्याला या फेरीचे पस्तीसेक मिळतील. २०२३ साली मोठ्या ॲपनी प्लॅटफॉर्म फी सुरू केली तेव्हा ती ऑर्डरमागे २ रुपये होती, २०२५ च्या सणासुदीत ती १२ ते १५ वर गेली. दोन रुपयांना कुणी हूं का चूं केलं नव्हतं.

ॲप आम्ही पूर्ण सोडलेला नाही. दुपारच्या सुट्या ऑर्डरी तिथूनच येतात, आणि नवीन माणसाला आमचं नाव तिथेच कळतं. पण थाळीच्या पिशवीत एक चिठ्ठी घालतो: गाळ्यावर येऊन नेलंत तर १४०. चालत येण्यासारखं अंतर असलेले बरेच जण आता येतात. संध्याकाळी साडेसातला बाहेर पाच-सहा माणसं पिशव्या घेऊन उभी असतात, एकमेकांशी बोलत असतात. ॲप आल्यापासून हे दृश्य नाहीसं झालं होतं.

गणेश चतुर्थीला मात्र पोच बंदच ठेवतो. उकडीचे मोदक दुचाकीवर घालून खड्ड्यांतून नेले की कळ्या फुटतात, आणि फुटलेला मोदक नैवेद्याला चालत नाही. सकाळी सहापासून रांग लागते. लोक स्टीलचा डबा घरून आणतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यात ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम अशा कामगारांच्या निधीत द्यायची तरतूद आहे. आम्ही कंपनी नाही, हा नियम आम्हाला लागत नाही. पण ते वाचून नवऱ्याचं मनगट आठवलं. त्या आठवड्यात तिघा मुलांना घेऊन बँकेत गेलो आणि पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे अर्ज भरले. वर्षाला २० रुपये, दोन लाखांचं अपघाताचं संरक्षण. हे २०१३ मध्येच करायला हवं होतं असं नाही म्हणता येत, कारण ही योजना २०१५ ची. पण २०१५ मध्ये करता आलं असतं.

लातूरचा मुलगा मागच्या वर्षी परीक्षा पास होऊन गेला. जाताना त्याने त्याच्या जागी गावाकडचाच एक मुलगा आणून दिला आणि त्याला फेरी समजावून सांगितली. पहिलं घर कुठलं ते मी बाजूला उभी राहून ऐकत होते. “मयूर कॉलनी. सात पंचवीसच्या आत. आजींनी दार उघडेपर्यंत थांबायचं.”

या जूनपासून पावसाच्या दिवशी पोच चाळीस रुपये करायचं ठरवलंय. मेंबरांच्या ग्रुपवर आधी विचारलं. चौतीसपैकी एकोणतीस जणांनी हो म्हटलं आहे, बाकीच्यांना उद्या फोन करते.