नियमात नाही ना लिहिलेलं, मग बॅन कशाला?

फॉर्म्युला वनमध्ये कोणी काहीतरी भन्नाट शोधून काढलं की पुढच्या रेसपर्यंत 'चीटिंग चीटिंग'चा गजर सुरू होतो, आणि मला खरंच या शब्दाचा राग येतो. आमच्या ठाण्याच्या ग्रुपमध्ये तर हा वाद दर सीझनला एकदा होतोच. युरोपातली रेस आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, सगळे कासारवडवलीला एका मित्राकडे जमतो, आणि पहिला पिटस्टॉप व्हायच्या आधीच कोणाचा तरी विंग (हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला दाबून धरणारा पंख) जास्त वाकतोय म्हणून आवाज चढलेले असतात. तिथे बोलायला लागलं की नीट मांडता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की नियमपुस्तकात जे लिहिलंय तोच नियम. 'नियमामागची भावना' वगैरे बोलायला छान वाटतं पण ती भावना मोजणार कशी? आणि एखादी युक्ती बंद करायची असेल तर खुशाल करा, पुढच्या सीझनपासून करा, सगळ्यांना आधी सांगून करा. चालू सीझनमध्ये, ज्यांना ती सुचली नाही त्यांच्या पोटात दुखतंय म्हणून नाही.

आता हे जे मला इतकं पटलेलं आहे त्याचं कारण कॉलेज. मी नवी मुंबईतून मेकॅनिकल केलं आणि आमची फॉर्म्युला स्टुडंटची, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः रेसकार बनवायच्या स्पर्धेची, टीम होती, गाडी बनवून ट्रकमध्ये चढवून कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर न्यायची. तिथे गाडी पळवण्याआधी टेक्निकल इन्स्पेक्शन असतं आणि ते इतकं कडक असतं की बऱ्याच जणांची खरी रेस तिथेच होते. एक टेम्प्लेट असतं, ते कॉकपिटमध्ये वरून सरळ खाली सोडतात, ते अडकलं की विषय संपला, मग तुम्ही रात्रभर ग्राइंडर घेऊन बसा. टिल्ट टेबलवर गाडी ६० अंशात आडवी करतात, एक थेंब फ्युएल गळायला नको. तर आमच्या शेजारच्या टीमने पेडल बॉक्सची (पायातल्या पेडल्सच्या चौकटीची) जागा वाचवायला अशी काही मांडणी केली होती की आम्हाला वाटलं हे चालूच शकत नाही, आम्ही दोघं जण तावातावाने जजकडे गेलो. त्यांनी नियमपुस्तक आमच्या हातात दिलं आणि म्हणाले, ओळ दाखवा. आम्ही पानं उलटत बसलो, ओळ नव्हती. गाडी पास झाली. त्यांनी आम्हाला लेक्चर दिलं नाही की त्या टीमचं कौतुक केलं नाही, पुस्तक परत घेतलं आणि पुढच्या गाडीकडे गेले. मला आजही वाटतं की फॉर्म्युला वनचे नियम बनवणाऱ्या एफआयएने इतकंच करावं.

आता इतिहास बघा. १९६९ ला बार्सिलोनाच्या माँजुइकला ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट दोघांच्या लोटसचे उंच विंग तुटले, दोन्ही गाड्या जोरात आदळल्या, आणि त्यानंतर उंच विंग आणि हलणारे विंग बंद झाले. कारण सुरक्षेचं होतं, बरोबरच होतं. पण त्यातून जो नियम आला, की हवेवर काम करणारा भाग हलता कामा नये, त्या एका नियमावर पुढची पन्नास वर्षं लोक भांडले आहेत.

१९७८ चं ब्रॅबहॅम बीटी४६बी घ्या. डिझायनर गॉर्डन मरेने गाडीच्या मागे मोठा पंखा लावला जो गाडीखालची हवा ओढून घ्यायचा, म्हणजे गाडी अक्षरशः रस्त्याला चिकटणार. तक्रार झाली की पंखा हलतो, म्हणून बेकायदा. उत्तर असं की पंखा इंजिन गार करायला आहे, रेडिएटर वर आडवा बसवलाय बघा, आणि निम्म्याहून जास्त हवा त्या कामाला जाते. पॅडॉकमध्ये गाडी उभी असताना पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावून ठेवायचे, आणि ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उभी गाडी डोळ्यांदेखत खाली बसायची! स्वीडनला अँडरस्टॉर्पला निकी लाउडाने अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने रेस मारली. बाकीच्यांनी इतका गदारोळ केला की टीमचा मालक बर्नी एक्लस्टनने गाडी मागे घेतली, कारण तो टीम्सच्या संघटनेचाही प्रमुख होता आणि ती फुटली असती. पण जिंकलेली रेस कायम राहिली, आणि ते योग्यच झालं.

याच्या उलट १९८२ ची ब्राझीलची रेस. गाडीत पाण्याची टाकी, म्हणे ब्रेक गार करायला. रेस सुरू झाली की पाणी सोडून द्यायचं, गाडी हलकी, आणि वजन करायच्या आधी टाकी परत भरायची कारण तेव्हा लिक्विड भरून घ्यायला परवानगी होती. पिके पहिला आणि रोझबर्ग दुसरा, दोघंही बाद. ग्रुपमध्ये मला इथे पकडतात, की तूच म्हणतोस ना लिहिलेलं तेच खरं, मग हे पण चालायला हवं होतं. नाही. किमान वजन हा आकडा लिहिलेला होता आणि गाडी रेसभर त्या आकड्याच्या खाली पळत होती, फक्त काट्यावर चढताना वर होती. १९७८ ला मरेने नियम वाचून वाट शोधली. इथे मोजमापाच्या वेळेपुरती गाडी बदलली. माझ्यासाठी हा फरक पुरेसा मोठा आहे.

मास डॅम्परचं प्रकरण मात्र मला अजून पचत नाही. रेनोने २००५ मध्ये गाडीच्या नाकात स्प्रिंगवर एक वजन बसवलं. गाडी कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) आपटली की ते वजन उलट दिशेला हलायचं आणि गाडीचं नाक स्थिर राहायचं, टायर रस्त्यावर टिकायचे. हे वजन बॉडीच्या आत, हवा त्याला लागतही नाही. २००६ चा अर्धा सीझन गेला आणि अचानक ठरलं की हे हलणारं एरोडायनॅमिक उपकरण आहे, कारण गाडी स्थिर राहिली की हवेचा फायदा होतो. अरे मग सस्पेन्शन पण काढून टाका ना, ते दुसरं काय करतं? हॉकेनहाइमला स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, कायदेशीर म्हटलं, तर एफआयए स्वतःच्याच स्टुअर्ड्सविरुद्ध अपिलात गेली आणि ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने बंदी कायम केली. सोसायटीत क्रिकेट खेळताना समोरची टीम हरायला लागली की मध्येच 'पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला की आऊट' असा नियम काढायचे तसलाच प्रकार. रेनोच्या अलोन्सोने तरीही चॅम्पियनशिप जिंकली म्हणून लोक विसरले.

२००९ ला असंच एक प्रकरण नीट हाताळलं गेलं. होंडा डिसेंबर २००८ मध्ये बाहेर पडली, टीमचा प्रमुख रॉस ब्रॉनने ती १ पाउंडात घेतली आणि नव्या सीझनला गाडी आली डबल डिफ्युझर घेऊन (डिफ्युझर म्हणजे गाडीखालची हवा मागून बाहेर काढून गाडी रस्त्याला चिकटवणारा भाग). टोयोटा आणि विल्यम्सकडेही तो होता हे लोक सांगत नाहीत. नियम असा की गाडीच्या तळाला खालून बघितलं तर भोक दिसता कामा नये. यांनी दोन वेगवेगळ्या उंचीच्या पातळ्यांच्या मधल्या उभ्या भागात फट ठेवली, खालून सरळ बघाल तर अखंड तळ, पण हवा त्या फटीतून वर दुसऱ्या डिफ्युझरमध्ये. काय डोकं आहे! मेलबर्नलाच तक्रारी, स्टुअर्ड्सनी फेटाळल्या, एप्रिलमध्ये पॅरिसला अपील कोर्टानेही फेटाळल्या, आणि मग तक्रार करणारेच आपापल्या गाड्यांना तेच बसवायला धावले. ब्रॉनच्या बटनने पहिल्या सातपैकी सहा रेस जिंकल्या. २०११ पासून नियम बदलून बंद केलं. असंच हवं.

मॅक्लारेनच्या २०१० च्या एफ-डक्टवर तर मी वेगळा लेख लिहू शकतो. हलणारा भाग चालत नाही ना, मग गाडीतलं काहीच हलवू नका, ड्रायव्हर हलवा! त्याने गुडघ्याने एक भोक झाकायचं की हवा मागच्या विंगकडे वळते, विंगचं काम बंद पडतं आणि सरळ रस्त्यावर वेग वाढतो. फेरारीवाले डाव्या हाताने भोक झाकत एका हाताने गाडी चालवायचे, ते बघताना भीतीच वाटायची, त्यामुळे २०११ साठी बंद केलं ते मला मान्य आहे. पण त्याच वर्षी डीआरएस आलं, म्हणजे अधिकृत हलणारा विंग, आणि २०२६ च्या नियमांत तर पुढचे मागचे दोन्ही विंग सगळ्यांचेच हलतात. ज्यावरून इतकी वर्षं भांडले तेच आता पुस्तकात.

मर्सिडीजचं डीएएस आठवत असेल. फेब्रुवारी २०२० मध्ये बार्सिलोनाच्या टेस्टिंगला हॅमिल्टन सरळ रस्त्यावर स्टिअरिंग स्वतःकडे ओढतोय आणि वळणाआधी परत ढकलतोय, पुढची चाकं त्याने किंचित सरळ होतायत. रेड बुलने जुलैमध्ये ऑस्ट्रियाला शुक्रवारीच तक्रार केली की चालत्या गाडीत सस्पेन्शन बदलता येत नाही. स्टुअर्ड्सनी सगळा विचार कागदावर मांडला, हे स्टिअरिंगचाच भाग आहे म्हणून तक्रार फेटाळली, आणि तो निकाल कोणालाही वाचता आला. २०२१ साठी बंदी तर आधीच ठरली होती.

त्याच वर्षीचं रेसिंग पॉइंट, म्हणजे आपली जुनी फोर्स इंडिया, त्यामुळे इथे माझा जीव जास्त अडकतो. गाडी गुलाबी आणि दिसायला मर्सिडीजसारखी, म्हणून गुलाबी मर्सिडीज म्हणायचे. रेनोने ब्रेक डक्टवरून (ब्रेकला गार हवा पोचवणाऱ्या भागावरून) तक्रार केली, आणि गंमत अशी की डक्ट बेकायदा नव्हतेच, ते डिझाइन स्वतःचं नाही, मर्सिडीजचं आहे, हा गुन्हा ठरला. ४ लाख युरो दंड, १५ पॉइंट कापले, आणि तेच डक्ट सीझनभर वापरू दिले. शेवटी मॅक्लारेन २०२, रेसिंग पॉइंट १९५. करा हिशोब, तिसरा नंबर त्या १५ पॉइंटने गेला. वाईट वाटलं, पण निकाल समोर होता, वाचून भांडता येत होतं.

आणि म्हणूनच मला सगळ्यात जास्त खटकतं ते फेरारीचं २०१९ चं इंजिन, ज्यात नियम मोडल्याचा संशय होता. २८ फेब्रुवारी २०२०, टेस्टिंगचा शेवटचा दिवस, एफआयएने जाहीर केलं की फेरारीसोबत समझोता झालाय आणि तपशील दोघांतच राहणार. सात टीम्सनी मिळून निषेध केला, काही उपयोग नाही. २०१९ ला बेल्जियमच्या स्पाला फेरारीचा लेक्लेर पोलवरून, म्हणजे पहिल्या जागेवरून सुरुवात करून, जिंकला होता, २०२० ला त्याच स्पाला दोन्ही फेरारी क्वालिफायिंगमध्ये १३ आणि १४ नंबरवर. वर्षभरात ५०४ पॉइंटवरून १३१. माझा ग्रुपमधला फेरारीवाला मित्र म्हणतो की गुन्हा सिद्ध झाला नाही म्हणजे निर्दोष, आणि त्याला खोटं ठरवायला माझ्याकडे काहीच नाही, कारण कागदच बंद आहेत. युक्ती असेल तर ती कोणाच्या डोक्यातून आली ते कळू दे, गुन्हा असेल तर शिक्षा दिसू दे. इतकी वर्षं झाली, ते इंजिन आता कोणी वापरत नाही, नियमही बदलले. उघडा ना ते कागद.