बारा वाजून अठरा मिनिटं

23 सप्टेंबर 2022 च्या शुक्रवारी सकाळी मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘आज दिवस आणि रात्र समान असतात.’ ‘दुपारी ठीक बारा वाजता सावली सर्वांत लहान असते.’ दुसरं वाक्य त्याच दुपारी पुसलं गेलं. पहिलं आठवडाभर राहिलं, आणि त्याचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

शाळा बीड जिल्ह्यात, धारूरच्या पुढं डोंगरपट्ट्यात, जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडं, पट सतरा. चौथीच्या पोरांची अख्खी दुसरी कोरोनात घरीच गेली होती, त्यामुळं हातच्याची वजाबाकी म्हटलं की वर्गात शांतता.

बाहेरच्यांना वाटतं शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं. आमच्याकडं ते सप्टेंबरला सुरू होतं. जून-जुलै गणवेश, पुस्तकं, आधार, ऑनलाइन माहिती. ऑगस्ट म्हणजे झेंडा आणि फेऱ्या. दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या लागतात आणि निम्मा वर्ग आई-बापामागं कारखान्याच्या फडावर जातो. मध्ये उरतो तो भादवा. त्यातही पितरपाठाची जेवणं आणि सोयाबीनची काढणी. जे काही मनापासून शिकवायचं ते याच चार आठवड्यांत. म्हणून सावलीचा उपक्रम मी दरवर्षी 23 सप्टेंबरलाच घेते. दिवस शरद संपाताचा, म्हणजे सूर्य बरोबर विषुववृत्तावर येतो तो, आणि पावसानं उघडीप दिली तर ऊन स्वच्छ.

पोरांची पक्की समजूत असते की भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. ती आमच्याकडं वर्षातून दोनच दिवस नाहीशी होते, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी. मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ भरलेलं. म्हणजे शून्य सावली शिकवायचे दोन्ही दिवस निसर्गानंच रद्द केलेले.

आता थोडं माझ्या यंत्राविषयी, कारण त्याचा मला गर्व आहे. कोरोनाआधी तीन वर्षं मी काठी रोवायचे. काठीत दोन खोडी असतात. ती एक अंश जरी कलली तरी मीटरभर काठीच्या दुपारच्या सावलीत दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. आणि सावलीचं टोक कधीच रेखीव नसतं, सेंटिमीटरभर धूसर असतं. पोरं भांडायची, ‘इथं संपली’, ‘न्हाई, इथं’. त्या वर्षी एका पालकानं, ते गवंडीकाम करतात, सहज म्हटलं, ‘‘मॅडम, काठी कशाला सरळ करता, वरून ओळंबा सोडा की.’’ तेलाच्या रिकाम्या डब्यात मुरूम भरून बांबू उभा केला. त्याच्या टोकाला जुन्या हजेरीपत्रकाचा वीतभर पुठ्ठा आडवा बांधला, बांबूच्या बाहेर आलेला, आणि त्याला खिळ्यानं भोक पाडलं. भोकातून ओळंबा सोडला. ओळंब्याचं टोक जिथं टेकलं तो आमचा मध्य. भोक जमिनीपासून बरोबर 100 सेंटिमीटर. बांबू वाकडा असला तरी आता काही बिघडत नव्हतं. पुठ्ठ्याच्या सावलीत मधोमध एक गोल कवडसा पडला, एक रुपयाच्या नाण्याहून लहान. हा भोकाचा आकार नाही, हे सूर्याचं चित्र आहे, असं सांगितल्यावर तिसरीतली एक पोरगी त्याला हात लावून बघायला लागली तर तो तिच्या बोटावर चढला. जमिनीवर पाणी ओतून सपाटी पाहिली ती मुख्याध्यापकांनी. सर चांगले आहेत. फक्त त्यांच्या मते उपक्रम म्हणजे फोटो, आणि फोटो अकरा वाजताच काढून झाले होते.

साडेअकराला पहिला खिळा ठोकला. मध्यापासून 41 सेंटिमीटर. पावणेबाराला साडेसदतीस. बाराला 35. खिळे ठोकायचं काम चौथीतल्या एका पोराकडं दिलं होतं. वाचायला तो अडखळायचा, पण हातोडी धरायची रीत बापाची होती. बाराचा खिळा ठोकून झाल्यावर मी फळ्यावरच्या वाक्याखाली बरोबरची खूण केली आणि पोरांना म्हटलं, झालं, वह्या काढा.

तो आत आला नाही. मी हाक मारली तर म्हणाला, ‘‘मॅडम, खिळे उरलेत.’’

मीच त्याला बारा खिळे मोजून दिले होते आणि वापरले होते तीन. उरलेले परत आणून दे, एवढंच मी म्हणाले असते तर हे लिहायची वेळच आली नसती. पण आत तिसरीची पोरं गोंगाट करत होती, मी म्हटलं, बस तिथंच. सव्वाबाराला खिडकीतून आवाज आला, ‘‘मॅडम, आजून जवळ यायलाय!’’

मी बाहेर जाऊन मोजलं. 34. पहिलं मनात आलं ते वर्गातल्या घड्याळाचं, त्याचा सेल उतरलेला असणार. मी ते बोलूनही दाखवलं. घड्याळाला दोष देणं आम्हा शिक्षकांना सोपं जातं, ते उलटून बोलत नाही. मग मोबाइल काढला. मोबाइलही सव्वाबाराच दाखवत होता. साडेबाराला साडेचौतीस. म्हणजे कवडसा मध्येच कुठंतरी वळून परत निघाला होता आणि ते बाराला झालेलं नव्हतं.

तेव्हा मला डी.एड.च्या वर्गात ऐकलेली रीत आठवली. यज्ञवेदी आखायच्या प्राचीन शुल्बसूत्रांत दिशा काढायला तीच सांगितली आहे. मध्यावर दोरीचं एक टोक धरलं, दुसरं साडेअकराच्या खिळ्याला लावलं आणि वर्तुळ काढलं. कवडसा सकाळी ज्या वर्तुळावर होता त्याच वर्तुळाला दुपारी पुन्हा कधी शिवतो ते पाहायचं. दोन्ही वेळांच्या बरोबर मध्ये खरी दुपार. अडचण एवढीच की एक वाजता मधली सुट्टी होती, आणि मावशींनी पातेल्याचं झाकण काढलेलं होतं. सगळी पोरं ताटं घेऊन पळाली. हा मात्र ताट मांडीवर घेऊन वर्तुळापाशी बसला. त्याचा एक हात खिचडीत आणि दुसऱ्यात खिळा. एक वाजून सहा मिनिटांनी त्यानं खरकट्या हातानंच हातोडी मारली.

साडेअकरा आणि एक वाजून सहा यांची मध्यवेळ बारा वाजून अठरा मिनिटं. कवडसा सेंटिमीटरभर जाड असल्यामुळं एखाद्या मिनिटाची चूक मी धरते.

सुट्टीनंतर आम्ही खिळ्यांवरून दोरी ताणली. सातही खिळे एका रेषेत. वर्षातले इतर दिवस ही वाट वाकडी असते. संपाताच्या दिवशी ती सरळ, पूर्व-पश्चिम होते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं, कारण तीनही वर्षं मी बाराला थांबत होते. फळ्यावरचं दुसरं वाक्य पुसलं ते खिळेवाल्यानंच. मीच डस्टर दिला त्याला.

अठरा मिनिटांचं कोडं रात्री घेऊन बसले. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर, मिर्झापूरकडच्या सूर्यावर लावलेलं. आम्ही त्याच्या पश्चिमेला साधारण 6.4 अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आमची दुपार बारा पंचविशीच्या पुढं हवी. आली मात्र बारा अठराला. वरची सात-साडेसात मिनिटं कुठं गेली? ओळखीच्या भौतिकशास्त्राच्या सरांना फोन लावला. ते हसले. सूर्य काही घड्याळासारखा चालत नाही, म्हणाले; पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळं तो कधी मागं पडतो, कधी पुढं पळतो, आणि सप्टेंबरच्या या दिवसांत तो साडेसात मिनिटं पुढं असतो. हिशेब मिळाला. सोळा वर्षं शिकवतेय, आणि दुपार म्हणजे बारा यापलीकडं मला कधी शंका आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. चौथीतली मॉनिटर, वर्गातली सर्वांत हुशार आणि म्हणून थोडी भांडकुदळ, पाटी घेऊन माझ्यासमोर उभी. काल तिनं वडिलांच्या मोबाइलवर आमच्या भागाचा सूर्योदय-सूर्यास्त पाहिला होता. सकाळी 6.15, संध्याकाळी 6.22. पाटीवर 18.22 मधून 6.15 वजा केले होते. उत्तर 12 तास 7 मिनिटं.

‘‘मॅडम, दिवस बारा तास सात मिनिटांचा झाला. मग रात्र अकरा तास त्रेपन्न. समान कुठंय?’’

कोरोनानंतर या पोरीला तासा-मिनिटांची वजाबाकी बिनचूक यावी म्हणून मी जुलैपासून घसा कोरडा केला होता. ती आली, आणि माझ्यावरच. मी म्हटलं, मोबाइलवर असतं काहीही. तिनं विचारलं, ‘‘काल घड्याळ चुकलं म्हणलात, तसं?’’

घरी जाऊन मी तिच्या दोन आकड्यांचा मध्य काढला. 6.15 आणि 6.22. बारा वाजून साडेअठरा मिनिटं. पोराचा खिळा आणि पोरीची पाटी, दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही, आणि दोघं एकाच ठिकाणी. त्या संध्याकाळी मी मोबाइलवर असतं काहीही म्हणायची थांबले.

कारण सोमवारी दाखवलं. वाटीत नाणं ठेवलं, पोरांना इतकं मागं सरकवलं की कडेआड नाणं दिसेना. मग पाणी ओतलं, नाणं वर आलं. हवा उजेडाला तशीच वाकवते. उगवताना दिसतो तो सूर्य खरा तर अजून क्षितिजाखाली असतो. शिवाय सूर्याची वरची कड दिसली की आपण उगवला म्हणतो, मध्य यायची वाट पाहत नाही. सकाळची साडेतीन मिनिटं, संध्याकाळची साडेतीन. सूर्य ठिपक्याएवढा असता आणि हवा नसती तर 23 तारखेला दिवस-रात्र समान झाले असते. एवढं तिसरीलाही कळलं. मुख्याध्यापक सर व्हरांड्यातून म्हणाले, ‘‘मॅडम, आधी वाचन बघा. पोरं गोंधळतील.’’ ते अगदीच चूक बोलत नव्हते. खिळेवाल्याला त्या दिवशीही जोडाक्षरांचा परिच्छेद धड वाचता आला नव्हता.

बुधवारी केंद्रप्रमुख आले. चार शाळा करून पाचवी आमची, आणि तीनला त्यांची ऑनलाइन बैठक. वर्गात आले, फळ्यावर ते पहिलं वाक्य अजून होतं, त्यावरच बोट ठेवून विचारलं, ‘‘सांगा, 23 सप्टेंबरला काय असतं?’’

मॉनिटर उठली. ‘‘दिवस सात मिनिटं मोठा असतो.’’

साहेब माझ्याकडं बघून हसले. वाईट नाही हसले, दमलेला माणूस हसतो तसं. मी म्हणाले, ‘‘नाही सर, समान असतात. ती दुसऱ्या दिवसाचं सांगतेय.’’

हे एवढं एक वाक्य. दोन मिनिटं घेऊन सांगता आलं असतं, पाटी दाखवता आली असती, वाटी तर टेबलावरच होती. साहेबांनी ऐकून घेतलंही असतं. पण माझ्या तोंडून ते आपसूक आलं, भेटपुस्तिकेत शेरा चांगला पडावा म्हणून. शेरा चांगला पडला. पोरगी खाली बसली. सुट्टीत वही घेऊन आली, ‘‘मॅडम, वहीत कोणतं ठेवू?’’ मी म्हटलं, दोन्ही ठेव. परीक्षेत 23 सप्टेंबर लिही, पुढं शिष्यवृत्तीलाही तेच लिहायचं. तिनं मान हलवली. ती एवढ्यावर कधी ऐकत नाही.

शुक्रवारी, 30 तारखेला, ती पुन्हा मोबाइल घेऊन आली. मागं फाटकाशी तिचे वडील उभे, डोक्याला टॉवेल, मोबाइल परत हवा म्हणून ताटकळलेले. सोयाबीनच्या मळणीचं मशीन त्यांना फोन करणार होतं. तिनं पडदा माझ्यापुढं धरला. सूर्योदय 6.16, सूर्यास्त 6.16. मी काही बोलायच्या आत ती वळून बापाला मोबाइल देऊन आली. फळ्यावरचं वाक्य मी त्या दिवशी पुसलं. त्या जागी काही लिहिलं नाही.

5 ऑक्टोबरला दसरा झाला. पुढच्या आठवड्यात खिळेवाला आणि त्याच्यासोबत सहा जण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेले. जाताना त्यानं उरलेले पाच खिळे आणून दिले, मोजून.

दिवाळीआधी सत्र परीक्षा झाली. परिसर अभ्यासाचा पेपर मीच काढते. संपातावरचा तो एका गुणाचा प्रश्न दरवर्षी असतो, त्या वर्षी मी तो घातला नाही. मॉनिटरनं पेपर हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, मग उलटा करून मागची बाजू बघितली. मागची बाजू कोरी होती.