चिलखत राहू द्या, कापड बघा

वेबसिरीजमधले अँग्लो-सॅक्सन बघितले की माझं डोकंच फिरतं. जो तो मळकट चामड्यात, मनगटाला पट्टे, अंगावर लोखंड आणि रंग सगळ्यांचा एकच, चिखलाचा. आमचं नाशकात मेनरोडला कापडाचं दुकान, त्यामुळे समोर लढाई पेटलेली असली तरी माझी नजर बाहीच्या शिलाईवर, बायको म्हणते तुमच्यासोबत काही बघायची सोय नाही.

तर हे लोक म्हणजे पाचव्या शतकापासून 1066 पर्यंत इंग्लंडात ज्यांचा जोर होता ते. यांचं चिलखत म्हणजे लोखंडी कडीत कडी अडकवून केलेला झगा, आणि तो असायचा बड्या लोकांकडे. बाकीच्यांकडे भाला आणि लाकडी ढाल, ढालीच्या मधोमध मुठीवर लोखंडी वाटी, संपलं. 1008 साली डेन लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडच्या हल्लेखोरांनी, जीव नको केला होता तेव्हा एथेलरेड राजाने फर्मान काढलं, दर 8 हाईड जमिनीमागे एक शिरस्त्राण आणि एक चिलखत द्यायचं. एक हाईड म्हणजे ढोबळमानाने एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन. आठ घरांची जमीन, तेव्हा कुठे एका माणसाच्या अंगावर लोखंड! आणि सिरीजमधे अख्खं गाव चिलखतात फिरतंय.

राजेरजवाड्यांची गोष्ट वेगळी. इंग्लंडातल्या सफकमधल्या सटन हू इथे 1939 साली जहाजासकट पुरलेली श्रीमंती निघाली, त्यात कमरपट्ट्याचं नुसतं बक्कल 412 ग्रॅम सोन्याचं. म्हणजे आपल्या सराफ बाजारातल्या हिशोबाने 41 तोळे, ते पण बक्कल! आतून पोकळ आहे, मागे झाकण आणि त्याला तीन खिट्ट्या. खांद्यावर लावायच्या सोन्याच्या जोडपट्ट्यांत गार्नेटचे लाल खडे बसवलेत आणि त्यांच्याखाली बारीक नक्षी ठोकलेला सोन्याचा वर्ख, म्हणजे उजेड आत जाऊन परत बाहेर येतो. त्या काळच्या इंग्लंडमधल्या दागिन्यांतले काही गार्नेट भारतीय उपखंडातले निघालेत, एवढ्या लांबून.

पण मला खरा भारी वाटला तो गंज. सुरुवातीच्या दोन शतकांत तिथल्या बायका नळीसारखा शिवलेला लोकरीचा झगा घालून तो दोन्ही खांद्यांवर दोन ब्रोचनी अडकवायच्या, मधे काचेच्या नाहीतर अंबरच्या मण्यांची माळ, कमरेला सुरी वगैरे लटकवलेली. बाई गेली की तशीच पुरायची. कापड मातीत कुजून जातं, पण ब्रोचच्या मागच्या पिनेला चिकटलेल्या तुकड्यात धातूचे क्षार मुरतात आणि धाग्याचा जणू साचाच शिल्लक राहतो. नखाएवढ्या त्या तुकड्यावरून भिंगाखाली सूत कुठल्या बाजूला पिळलंय, सेंटीमीटरला धागे किती, साधं विणकाम की ट्विल, सगळं मोजतात. आपल्या जीन्सला असतात तशा तिरक्या रेषांचं ट्विल, काही तर चौकटचौकटीचं डायमंड ट्विल, आणि चांगल्यापैकी बारीक. रंग वनस्पतींचे, मंजिष्ठाच्या जातीतल्या मॅडरचा लाल, वोडचा निळा, वेल्डचा पिवळा. कुठे तो चिखल!

आणि हे सगळं टकळीवर कातून, भिंतीला टेकवलेल्या उभ्या मागावर, ताण्याला खाली मातीची वजनं बांधून. विणण्यापेक्षा कातण्यातच जास्त वेळ जायचा. येवल्याला पैठणीच्या मागावर बसलेला कारागीर ज्याने बघितलाय त्याला या कामाची किंमत समजावून सांगायला नको. गळ्याच्या आणि मनगटाच्या किनारी वेगळ्या, भोकं पाडलेल्या छोट्या चौकोनी पाट्या फिरवून विणलेल्या. डरहॅमला संत कथबर्टच्या शवपेटीतून निघालेली भरतकामाची वस्त्रं आहेत, राणी एल्फलेडने 909 ते 916 च्या दरम्यान करून घेतलेली, रेशीम आणि सोन्याची तार, ती फोटोत जरी बघितली तरी मान्य कराल.

1066 च्या लढाईची गोष्ट चित्रांत सांगणारी बायो टॅपेस्ट्री पण भरतकामच, जवळपास 70 मीटर लांब, लिननवर लोकरीच्या धाग्याने, बहुतेक जाणकारांच्या मते इंग्लंडमधेच केलेली. ऑनलाइन अख्खी बघता येते. शेवटाकडे गेलात की खालची किनार झूम करा, वर लढाई चाललीय आणि खाली लोक मेलेल्यांच्या अंगातली चिलखतं डोक्यावरून ओढून काढतायत. सिरीजवाल्यांनी एवढं जरी नीट बघितलं असतं ना.