शिवलेली पुस्तकं

चेन्नईला निघाले तेव्हा बाबांनी दोनच गोष्टी सांगितल्या. समुद्रावर गेलीस तर फार आत जाऊ नकोस, आणि ते पुस्तकवाले लोक छपाईला जाळी कितीची वापरतात ते विचारून ये.

बाबांचं सोलापुरात स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. गणवेश शिवणारे कारखाने आमच्या गावात पुष्कळ, आणि शर्टाच्या खिशावर शाळेचं चिन्ह छापायचं काम आमच्याकडे यायचं. शर्ट शिवायच्या आधी नुसते कापलेले खिसे गठ्ठ्यानं यायचे. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी खिशावर टेकवायची, शाई घालायची, रबराच्या पट्टीनं एकदा ओढायची, की खिसा तयार. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाळलेले खिसे मोजून शंभराचे गठ्ठे करायचं काम माझ्याकडे असे. लग्नसराईत त्याच टेबलावर पत्रिका छापल्या जायच्या. कापडावरचं छापणं आणि कागदावरचं छापणं ही दोन वेगळी क्षेत्रं मानतात, हे मला पुण्याला शिकायला गेल्यावर कळलं.

आता मी पुण्यात पुस्तकांची मांडणी करते आणि दोन मैत्रिणींबरोबर वर्षातून दोनदा एक छोटा अंक काढते. तीनशे प्रती, सगळा खर्च आमचा. गेल्या वेळी छापखान्यानं आम्हाला न विचारता कागद बदलला. मऊ, पिवळसर कागद ठरला होता, आला तो पांढराशुभ्र आणि चकचकीत. आतला शब्द न् शब्द तोच होता, तरी तो अंक आमचा वाटेना. घरी येऊन मी रडले. कागदापासून शिलाईपर्यंत सगळं स्वतःच्या हातात ठेवून पुस्तकं करणारे लोक एकदा डोळ्यांनी बघायचे, असं मी त्याच आठवड्यात ठरवलं.

ते लोक म्हणजे चेन्नईचं तारा बुक्स, हातानं स्क्रीन प्रिंट केलेली पुस्तकं काढणारी प्रकाशनसंस्था. सोलापूरहून वाडी, रायचूर, गुंतकल करत गाडी जाते. गुंतकलनंतर डब्यातली मराठी संपली, पण तेलुगू कानाला परकी वाटली नाही. आमच्या गल्लीतले निम्मे विणकर घरात तेलुगूच बोलत.

चेन्नईत लोकलनं तिरुवान्मियूरला उतरले. तिथून रिक्षानं कुप्पम बीच रोडला. समुद्र दिसायच्या आधी त्याचा वास येतो, आणि हवा इतकी दमट की पहिला विचार मनात आला तो हा, की इथे शाई वाळवतात कशी? ताराच्या इमारतीचं नाव ‘बुक बिल्डिंग’. खालच्या मजल्यावर दुकान आणि प्रदर्शनाची जागा आहे, कुणीही जाऊन पुस्तकं हाताळावीत.

मी सगळ्यात आधी ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हातात घेतलं. 2006 साली निघालेलं हे पुस्तक भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती या तीन गोंड कलाकारांचं. कागद काळा आणि हातानं केलेला. त्यावर झाडं, झाडांत साप, हरणं, पक्षी. फोटोत मी ते कितीदा तरी पाहिलं होतं, पण फोटोत बोट फिरवता येत नाही. पानावर बोट फिरवलं तर शाई लागते. म्हणजे डाग पडत नाही, थर लागतो, अंगावरच्या भरतकामासारखा. ऑफसेटची, म्हणजे नेहमीच्या यंत्रावरच्या छपाईची, शाई कागदात मुरून सपाट होते. स्क्रीनची शाई कागदावर बसते. आणि पान उघडताच वास येतो, थेट आमच्या दुकानाचा. मी तिथे उभी राहून बराच वेळ नुसता वास घेत होते. शेवटी प्रतीचा क्रमांक हातानं लिहिलेला असतो. या पुस्तकाला 2008 साली इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात पुरस्कार मिळाला.

मला त्याहून मोठी वाटलेली गोष्ट मुखपृष्ठावर आहे. तिन्ही कलाकारांची नावं तिथे लेखक म्हणून आहेत. पुण्यात कुठल्याही हातमाग प्रदर्शनात जा, गोंड हरणं कुर्त्यावर आणि वारली तारपा ओढणीवर असतोच. साडी, पर्स, उशीचा अभ्रा, काही सुटलेलं नाही. त्यातल्या एकातरी कापडावर काढणाऱ्याचं नाव कुणी वाचलंय? मी आजवर वाचलेलं नाही. फॅशननं या चित्रांना बाजार दिला हे खरं आहे, आणि त्यातून काही घरांत पैसा गेला असेल तर मला आनंदच आहे. पण नाव पुसलं गेलं. ते परत छापायचं काम इथे एका पुस्तकानं केलं. पुढे भज्जू श्याम यांना 2018 मध्ये आणि दुर्गाबाईंना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्या वारलीचा तर ताराशी पहिल्यापासून संबंध आहे. गीता वुल्फ यांनी 1994 साली ही प्रकाशनसंस्था सुरू केली. ‘द व्हेरी हंग्री लायन’ या पुस्तकाची हातानं छापलेली नमुन्याची पानं घेऊन त्या फ्रँकफर्टच्या मेळ्यात गेल्या, तर कॅनडाच्या एका प्रकाशकानं 8000 प्रती मागितल्या. सगळ्या हातानं छापायच्या! त्या पुस्तकातली चित्रं वारली शैलीतली, पण काढलेली इंद्रप्रमित रॉय यांनी. नंतर ‘डू!’ आलं. ते रमेश हेंगाडी, शांताराम धडपे, रसिका हेंगाडी आणि कुसुम खरपडे या वारली कलाकारांचं. खाकी कागदावर पांढऱ्या शाईत नुसती क्रियापदं: कापणं, भांडणं, नाचणं, शिजवणं. शैली उसनी घेण्यापासून ज्यांची शैली त्यांनाच पुस्तक देण्यापर्यंतचा हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो.

छपाईची जागा वेगळी आहे. आधी पत्र पाठवून परवानगी मागितली होती म्हणून तिथेही जाता आलं. वीस-पंचवीस माणसं. पंखे आहेत, पण छपाईच्या टेबलावर वारा येणार नाही असे. नाहीतर शाई जाळीतच सुकते आणि बारीक रेघा बुजतात. दोन माणसं एका टेबलाला. एकजण कागद खुणेला लावतो, दुसरा चौकट खाली घेऊन पट्टी ओढतो, पहिला तो ओला कागद दोन्ही हातांनी उचलून घोडीवर ठेवतो. घोडी म्हणजे लोखंडी जाळ्यांची उंच मांडणी, एकेक जाळी खाली पाडत भरायची. मला ती भाषा येत नव्हती तरी पुढची हालचाल काय होणार हे आधीच कळत होतं. पट्टी ओढून झाल्यावर त्या काकांनी चौकट किंचित तिरकी धरून शाई परत वर नेली. बाबा अगदी तसंच करायचे.

एका रंगाला एक जाळी, एक हात. मी मनात हिशेब केला. सोळा पानं, पानाला चार रंग, प्रती एक हजार. चौसष्ट हजार वेळा पट्टी ओढायची. आणि दुसरा रंग पहिल्याच्या बरोबर वर बसला पाहिजे. केसभर सरकला तर हरणाचा डोळा हरणाबाहेर जातो.

जाळीचं मी विचारलं. धाग्यांच्या मोजणीत शंभरच्या पुढचीच, बारीक कामाला त्याहून वरची, असं हातवारे आणि आकडे करून कळलं. आमच्याकडे बाबा त्या जाळीला ‘बोल्टिंग क्लॉथ’ म्हणतात. पीठ चाळायच्या कापडाचं ते नाव. पूर्वी ही जाळी खऱ्या रेशमाची असायची, म्हणून तर ‘सिल्क’ स्क्रीन. म्हणजे शाई कापडातून गाळूनच कागदावर येते. कागदही सुती चिंध्यांचा: शिलाई कारखान्यातली कातरण भिजवून, कुटून, लगदा करून केलेला. आणि शेवटी फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्यानं शिवायचे. बाइंडिंगच्या टेबलावर एक ताई सुईला मेण लावलेला दोरा ओवत होत्या. आपल्याकडे याला जुजबंदी म्हणतात, आणि मराठीत शर्ट शिवतात तसं पुस्तकही शिवतात. हा शब्द मी रोज वापरते, पण तो इतका खरा आहे हे त्या सुईकडे बघताना जाणवलं.

दुकानात परत येऊन आणखी एक पुस्तक पाहिलं, जगदीश चितारा यांचं ‘द क्लॉथ ऑफ द मदर गॉडेस’. ते कापडाचंच आहे. पान पान वाचता येतं आणि पूर्ण उलगडलं तर भिंतीवर लावायचा पट होतो. अहमदाबादच्या माता नी पछेडीचं हे पुस्तक. देवळात प्रवेश नाकारला गेलेल्या समाजानं देवीचं चित्र कापडावर काढलं आणि त्याचंच देऊळ उभारलं, अशी त्या पटाची जन्मकथा सांगतात. काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून, दाट करायला चिंचोक्याची खळ. लाल रंगासाठी आधी तुरटी आणि मग लाल रंगाच्या पाण्यात उकळणं. धुवायला वाहतं पाणी. मी ते कापड दुकानातल्या काउंटरवर परत घडी घालत होते आणि घडी चुकत होती. तिथल्या मुलीनं येऊन मूळच्या घड्यांवरून बोट फिरवत पाच सेकंदांत ते पुन्हा पुस्तक केलं.

पैसे मोजकेच होते. ‘डू!’ घेतलं आणि एक फ्लूकबुक. ही वही आहे. छपाई सुरू करताना जाळी नीट उमटतेय का हे बघायला रद्दी कागद वापरतात, तेच कागद पुन्हा पुन्हा. मग एकाच कागदावर एका पुस्तकाचा मासा, त्यावर दुसऱ्याचं झाड, त्यावर तिसऱ्याची उलटी अक्षरं असा मेळ बसतो. त्या कागदांची मुखपृष्ठं करून या वह्या शिवतात. दोन वह्या सारख्या निघणं शक्यच नाही. माझ्या वहीवर निळी कासवं आहेत आणि त्यांच्या पाठीवरून केशरी फांदी गेलीय. मी वीसेक वह्या खाली-वर करून ही निवडली.

संध्याकाळी समुद्रावर बसले. फार आत गेले नाही.

घरी पोचल्यावर बाबांच्या हातात आधी ‘डू!’ दिलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, पान उजेडाकडे तिरपं धरलं, पांढऱ्या शाईवरून अंगठा फिरवला. मग कलाकारांची नावं मोठ्यानं वाचली, चारही. नंतर वही घेतली आणि तिच्याकडेच जास्त वेळ बघत राहिले.

"निळा आधी मारलाय," म्हणाले. "मग केशरी. आणि हा काळा कुणीतरी फार दिवसांनी मारलाय बघ, खालची शाई पार कडक झाल्यावर."

मी म्हटलं, काळा कुठाय? त्यांनी माझं बोट धरून कासवाच्या पोटाशी टेकवलं. तिथे तिळाएवढं एक उलटं अक्षर होतं.