तुम्ही विचारलंत म्हणून: या ब्लॉगवाल्यांचं मला एवढं कौतुक का

"तुम्ही दिवसभर लोकांचे हिशेब तपासता, मग ब्लॉग लिहून पोट भरणाऱ्यांचं तुम्हाला कसलं एवढं कौतुक?" नातेवाईक विचारतात, अशील विचारतात, परवा शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं. दर वेळी "आवडतं मला" म्हणून मी विषय संपवते. आज नीट सांगते.

हिशेब तपासते म्हणूनच कौतुक आहे. आग्र्याच्या अमित अगरवाल यांनी 2004 मध्ये नोकरी सोडून घरी बसून तंत्रज्ञानावर लिहायचं ठरवलं, तेव्हा यावर घर चालतं हे दाखवायला आपल्याकडे उदाहरणच नव्हतं. अमेरिकेतल्या मारिया पोपोव्हाने 2006 मध्ये सात सहकाऱ्यांना ईमेल पाठवण्यापासून सुरुवात केली. पुढे त्याचा ब्लॉग झाला, आणि तो जाहिराती न घेता वाचकांच्या देणग्यांवर चालला. ठरलेली रक्कम वसूल करायलाही माणसं वर्षभर खेटे घालतात, हे मी रोज पाहते. सक्ती नसताना कोणी लिहिण्याचे पैसे देतं, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

"एकेकाचं नशीब असतं," असं तुम्ही म्हणता. असेल. पण एका मुलीचं ऐका.

वडील तिला घेऊन माझ्या ऑफिसात आले होते. एसटीतून निवृत्त झालेले, मूळचे जळगावकडचे. त्यांनी बँकेचं स्टेटमेंट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हिच्या खात्यात परदेशातून पैसे येतात. हे वाकडे पैसे नाहीत ना, एवढंच सांगा." मुलगी शेजारीच बसली होती. ती खानदेशी स्वयंपाकावर इंग्रजीत लिहायची. इंग्रजीत, कारण ब्लॉगवर जाहिराती दाखवून लिहिणाऱ्याला पैसे देणारी गुगलची सेवा 2003 मध्ये सुरू झाली तरी हिंदी पानांना ती मिळायला 2014 संपत आलं, आणि मराठीला त्याहूनही उशीर. कळण्याची भाकरी मराठीत लिहिली असती तर तिला एक पैसा मिळाला नसता.

पैसे सरळ आहेत, जाहिरातींचे आहेत, असं मी सांगितलं. व्यवसाय काय लिहायचा, असं विचारलं. ती म्हणाली, "लेखन." वडील म्हणाले, "लेखन? भाकरी कशी थापायची हे सांगणं म्हणजे लेखन?" तिने उत्तर दिलं नाही. पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. एकेक पदार्थ तीन-चारदा केलेला. पीठ कुठल्या गिरणीचं, पाणी किती, काय बिघडलं, खिडकीत ऊन किती वाजता येतं, सगळं तारीखवार. माझ्याकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावण्या इतक्या स्वच्छ नसतात. वडिलांनी वही ओढून घेतली. एका पानावर लिहिलं होतं, "बिबडे खारट. बाबांनी ताटात तसेच ठेवले. पुन्हा करायचे." ते बराच वेळ त्याच पानावर होते. मग वही मिटून म्हणाले, "ते ठीक आहे. पण लग्नाच्या बायोडेटात काय लिहू?"

आयकर रिटर्नच्या फॉर्ममध्ये तेव्हा तिच्यासारख्यांसाठी व्यवसायाचा कोड नव्हता, मी 'इतर' मध्ये घातलं. समाजमाध्यमांवर कमावणाऱ्यांसाठी वेगळा कोड 2025 मध्ये आला. तोवर तिने लिहिणं थांबवलं होतं. ती आता शाळेत शिकवते.

यावर तुम्ही "बघा!" म्हणणार. म्हणा. माझं कौतुक ती अजून लिहिते की नाही यावर अवलंबून नाही. कुणी नेमलेलं नसताना, चूक दाखवायला साहेब नसताना ती चौथ्यांदा पीठ भिजवत होती. ती शिस्त मी माझ्या धंद्यात फार कमी पाहिली आहे.

पंचविशीतली मी हे ऐकून घेणार नाही. ती म्हणेल, चार जण तरतात, तेच दिसतात. बुडालेल्यांचा ताळेबंद कोण छापतो? आणि तरलेल्यांचं तरी काय? अमेरिकेतल्या हेदर आर्मस्ट्राँगची नोकरी 2002 मध्ये ब्लॉगमुळेच गेली, मग त्याच ब्लॉगने तिचं घर चालवलं. घर, मुलं, स्वतःचं नैराश्य, सगळं तिने लोकांपुढे मांडलं. 2023 मध्ये तिने आयुष्य संपवलं. त्याचा दोष लिहिण्यावर टाकायचा मला अधिकार नाही. पण स्वतःचं जगणंच दुकानात मांडावं लागलं, तर रात्री दुकान बंद कसं करायचं, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

तेव्हा कुणाची मुलगी सल्ला मागायला आली, तर नोकरी सोड असं मी सांगत नाही. सोडू नकोस असंही सांगत नाही. वही आहे का, ते विचारते.