मागच्या दाराची किल्ली

पुण्यात एका रेस्टोबारचा मी मॅनेजर आहे. चौथा मजला, शनिवारी डीजे, गर्दी दीडशेच्या वर. लायसन्सची फाइल माझ्याकडेच असते: शॉप ॲक्ट, एक्साइज, एफएसएसएआय आणि फायरचा फॉर्म बी. हा फॉर्म बी वर्षातून दोनदा द्यावा लागतो, जानेवारीत आणि जुलैत. महाराष्ट्राचा २००६चा कायदाच आहे तसा. लायसन्सवाल्या एजन्सीनं आगीची यंत्रणा तपासायची, चालू असल्याचा दाखला द्यायचा आणि तो आपण अग्निशमन दलाकडे भरायचा.

कबूल करतो, चार वर्षं हा दाखला मला व्हॉट्सॲपवर यायचा. एजन्सीचा माणूस मी एकदाच पाहिला, तोही पैसे न्यायला आला तेव्हा. मी प्रिंट काढायचो, मालकांचा शिक्का मारायचो, मोकळा व्हायचो.

६ डिसेंबर २०२५च्या रात्री गोव्यात हडफड्याचा नाइट क्लब जळाला. २५ माणसं गेली, त्यात बहुतेक तिथलाच स्टाफ. खाली तळघरातल्या किचनकडं अडकलेली पोरं. दोन दिवसांनी आमच्याकडं स्टाफचं जेवण चालू असताना भांडी घासणाऱ्या नेपाळी पोऱ्यानं विचारलं, "सर, अपना पीछेवाला दरवाजा खुलता है क्या?"

उघडत नव्हता. कुलूप होतं आणि किल्ली कॅशिअरच्या गल्ल्यात. कारण साधं: सिगरेट ओढायला म्हणून गिऱ्हाईक मागं जातं आणि बिल न भरता जिना उतरतं. जिन्यात बिअरचे रिकामे क्रेट आणि दोन मोडकी टेबलं.

जानेवारीत एजन्सीला म्हटलं, या वेळी माणूस पाठवा. एजन्सीवाला हसला. "कशाला सर, मागच्यावरनंच करून देतो की." तीन फोन झाले. शेवटी म्हटलं, पैसे तपासणीनंतर. मग आला एक विशीतला पोरगा, पाठीवर सॅक, हातात पाना.

त्यानं हायड्रंटचा, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाचा, व्हॉल्व्ह फिरवला. आधी फुस्स करून हवा आली, मग गंजाचं लाल पाणी, करंगळीएवढी धार, मग तीही बंद. बेसमेंटला जाऊन पाहिलं तर पंपाच्या पॅनलचा स्विच 'मॅन्युअल'वर. वॉचमन म्हणाला, ऑटोवर ठेवलं की छोटा पंप रात्रभर चालू-बंद होतो, झोप लागत नाही. पाइप कुठंतरी गळत होता, दाब टिकत नव्हता, म्हणून तो पंप सारखा उठायचा. गळती काढायच्या ऐवजी कुणीतरी स्विच फिरवून ठेवला होता. कधी, ते वॉचमनलाही माहीत नाही. तो आला तेव्हापासून तसाच. आणि माझ्या फाइलीत ओळीनं दाखले: पंप ऑटो, सुस्थितीत.

आग विझवायच्या सहा सिलिंडरांपैकी दोघांचा काटा लाल पट्ट्यात. एकाची पिन कुणी खेळू नये म्हणून तारेनं आवळलेली. ती तार मीच बांधली होती.

डीजेच्या मागं आवाज घुमू नये म्हणून काळा फोम लावला होता, अंड्याच्या ट्रेसारखा. पोरानं त्याचा बोटभर तुकडा कापला, खाली पार्किंगमध्ये नेला आणि लायटर लावला. तुकडा पेटला काय, वितळून पेटते थेंबच पडायला लागले. धूर इतका काळा की वॉचमन खुर्ची घेऊन लांब सरकला. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका क्लबात बँडच्या आतषबाजीनं असाच फोम पेटला आणि १०० माणसं मेली, हे मी त्या रात्री घरी वाचलं. आमच्याकडं वाढदिवसाला बाटलीवर फुलबाजी लावून आणायचे. ते बंद केलं, त्यावरनं दोन टेबलांशी भांडणं झाली.

मालक भडकले. पावणेतीन लाखांचा अंदाज बघून म्हणाले, "एवढी वर्षं काय झालं का?" मला मुंबईच्या कमला मिलमधली आग आठवली. डिसेंबर २०१७, १४ माणसं गेली, बरीचशी टॉयलेटमध्ये सापडली. तेव्हा मी दुसऱ्या शहरात एका बारमध्ये कॅप्टन होतो. आगीनंतर तिथंही पाहणी लागली. आदल्या संध्याकाळीच फोन आला. क्रेट टेम्पोत भरून गोडाऊनला गेले, मागचं दार सताड उघडं. साहेब आले, फोटो काढले, पनीर टिक्का खाल्ला, गेले. रात्री टेम्पो परत.

या वेळी तीन आठवडे लागले. बिल्डिंगच्या कमिटीला पंपासाठी तीन पत्रं, पाइपचं काम, फोम उतरवणं, मागच्या दाराला पॅनिक बार, म्हणजे आतून ढकलला की दार उघडणारा दांडा, आणि बझर. खरा फॉर्म बी घेऊन मी खिडकीवर गेलो. पाण्याच्या दाबाचे आकडे घातलेलं पान मुद्दाम वर ठेवलं होतं. खिडकीवरच्या माणसानं न बघता इनवर्डचा शिक्का मारला, जसा खोट्यावर मारायचा तसाच.

परवा शनिवारी बझर वाजला. दोन पोरं ३,६४० रुपयांचं बिल बुडवून मागच्या जिन्यानं गेली. मालकांचा फोन आला. "आता लाव कुलूप परत. नाहीतर पगारातनं कापतो." बरं म्हणालो.

कुलूप माझ्या बॅगेत आहे, किल्लीसकट. घरी घेऊन आलोय.