हार्टफर्ड: १६३९ ची राज्यघटना पाहायला जाताना

हार्टफर्ड ही अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याची राजधानी. न्यूयॉर्कहून रेल्वेने येणार असाल, तर न्यू हेवनला गाडी बदलावी लागते का, ते तिकीट काढतानाच पाहा. युनियन स्टेशनातून बुशनेल पार्क ओलांडलं की कॅपिटल अ‍ॅव्हेन्यूवरच्या राज्य ग्रंथालयाच्या इमारतीपर्यंत चालत जाता येतं. कनेक्टिकटच्या इतिहासाचं संग्रहालय तिथेच आहे, प्रवेश मोफत. शनिवार-रविवार किंवा सरकारी सुट्टी असेल तर वेळा आधी तपासा.

बहुतेकांची गल्लत इथेच होते. समोर मांडलेली भव्य सनद १६६२ ची, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने दिलेली. तिलाच ‘पहिली राज्यघटना’ समजून लोक फोटो काढतात आणि निघतात. गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘कॉन्स्टिट्यूशन स्टेट’ (राज्यघटनेचं राज्य) असतं ते तिच्यामुळे नव्हे, तर १४ जानेवारी १६३९ च्या ‘फंडामेंटल ऑर्डर्स’मुळे, म्हणजे इथल्या वसाहतीने कारभारासाठी ठरवलेल्या मूलभूत नियमांमुळे. कुठे १६३८ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं.

हे ऑर्डर्स घरूनच वाचून या; प्रस्तावना आणि ११ कलमं, एवढाच पसारा. विंडसर, हार्टफर्ड आणि वेदर्सफील्ड या तीन गावांनी प्रत्येकी चार प्रतिनिधी पाठवायचे. सभा वर्षातून दोनदा, एप्रिल आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी. गव्हर्नरपद एका माणसाला दोन वर्षांत एकदाच, म्हणून सुरुवातीला जॉन हेन्स आणि एडवर्ड हॉपकिन्स आलटूनपालटून गव्हर्नर झालेले दिसतात. सहावं कलम नीट वाचा: मताधिकारी नागरिकांनी अर्ज करूनही गव्हर्नर आणि मॅजिस्ट्रेट सभा बोलवत नसतील, तर ते नागरिक कॉन्स्टेबलांना हुकूम देऊन ती भरवू शकतात. इंग्लंडच्या राजाचं नावही या कागदात नाही! अर्थात मत देणारे पुरुषच, आणि गव्हर्नर मान्यताप्राप्त चर्चचा सदस्य असणं सक्तीचं.

तिथून मेन स्ट्रीटवर जुन्या स्टेट हाउसपाशी थॉमस हूकर या धर्मोपदेशकाचा पुतळा पाहा. अधिकाराचा पाया लोकांच्या संमतीत आहे, हे त्याने १६३८ च्या प्रवचनात मांडलं होतं. दक्षिणेला सेंटर चर्चमागे जुनी दफनभूमी आहे. फाटक बंद असलं तर कुंपणातूनच पाहायचं.

‘चार्टर ओक’ हे प्रसिद्ध ओकचं झाड शोधत फिरू नका. १६८७ मध्ये इंग्लंडच्या राजाचा गव्हर्नर एडमंड अँड्रॉस १६६२ ची ती सनद ताब्यात घ्यायला आला, तेव्हा ती या झाडाच्या ढोलीत लपवली, अशी आख्यायिका आहे. झाड १८५६ मध्येच पडलं. आता चार्टर ओक प्लेसच्या कोपऱ्यावर फक्त स्मारक आहे, त्याला दहा मिनिटं पुरे. उरलेली दुपार वेदर्सफील्डला द्या, पण गाडी हाताशी असेल तरच.